आठवडाभराचा परदेश : एमबीएच्या अभ्याससहली काय शिकवतात?

आज आपण एमबीएच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या आठ-दहा दिवसांच्या परदेशी अभ्यासक्रमांबद्दल बोलणार आहोत. ते बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. पण त्यांची फी घेतली जाते, त्यांना गुण असतात. तेव्हा त्यांची तपासणी अभ्यासक्रम म्हणूनच व्हायला हवी.

आधी चांगली बाजू. २०१० मध्ये श्रीकांत दातार, डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक कलन यांचं 'रीथिंकिंग द एमबीए' हे पुस्तक आलं. व्यवस्थापनाचं शिक्षण 'जाणण्या'वर फार भर देतं. 'करणं' आणि 'असणं' मागे पडतं, हा त्यांचा आक्षेप. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनं 'फील्ड' हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला सक्तीचा केला. सुमारे ९०० विद्यार्थी, छोटे छोटे गट, आणि परक्या बाजारपेठेतल्या एखाद्या कंपनीसाठी प्रत्यक्ष काम. म्हणजे मूळ कल्पना करून शिकण्याची होती.

तिची नक्कल होताना मात्र 'करणं' गळतं आणि 'बघणं' उरतं. मुंबईचंच घ्या. परदेशी गट इथे आले की डबेवाले बघायला जातात. हार्वर्डनं २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस प्रसिद्ध केली, ती वाचूनच निघायचं. डब्यांवरचे रंग, आकडे, अक्षरं बघायची, फोटो काढायचे, आणि अहवालात लिहायचं : साधी साधनं, अचूक सेवा. अहो, पण हा निष्कर्ष तर विमानात बसण्याआधीच हातात होता! मग प्रवासानं काय दिलं?

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि डबेही थांबले. पुढे कचेऱ्या उघडल्या, पण घरून काम चालूच राहिलं आणि बरीच गिऱ्हाइकं परतली नाहीत. पत्ता चुकला नाही, वेळ चुकली नाही, तरी धंदा बसला. का? मावळ, खेड, जुन्नरकडच्या या माणसांनी तोटा आपसांत कसा वाटून घेतला? त्यांची मुलं या धंद्यात येणार का? शिकण्यासारखं आहे ते इथे. त्यासाठी दुभाषा हवा, ओळख हवी, आणि स्टेशनबाहेरच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ हवा.

'दिवसच कमी असतात' हा बचाव आम्हाला पटत नाही. दिवस कमी तर प्रश्न लहान घ्या. सात दिवसांत सात कंपन्या बघण्यापेक्षा एकाच ठिकाणी सात दिवस बसा. प्रश्न असा निवडा, ज्याचं उत्तर प्राध्यापकांनाही ठाऊक नाही. ज्यांचा वेळ घेतला त्यांना मोबदला द्या आणि अहवाल त्यांच्या भाषेत त्यांच्या हाती द्या. तो चुकीचा असेल, तर तेच सर्वांत आधी सांगतील.

हे आपल्याकडच्या संस्थांनाही लागू आहे. दुबई-सिंगापूरचा आठवडा माहितीपत्रकात झळकतो : एक बंदर, एक बँक, थोडी खरेदी आणि प्रमाणपत्र. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या घरात हा खर्च काही किरकोळ नसतो. म्हणून फी भरण्याआधी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी संस्थेला एवढंच विचारावं : आज जे करता येत नाही, असं काय आम्हाला परत आल्यावर करता येईल? उत्तरात फक्त ठिकाणांची यादी आली, तर ती सहल आहे. सहलीला जरूर जावं, पण सहलीच्या पैशात.