सहाव्या क्रमांकाची गोष्ट

आजाऱ्याला भेटायला येणारी माणसे फळांबरोबर एखादी गोष्टही घेऊन येतात. गेल्या वर्षी डेंग्यूने मला तीन आठवडे अंथरुणाला खिळवले, तेव्हा माझ्या वाट्याला धावपटूंच्या गोष्टी आल्या. पन्नाशी उलटल्यावरही हा गृहस्थ वसई-विरारच्या शर्यतीत अर्ध-मॅरेथॉन धावतो, हे धर्मग्रामात सर्वांना ठाऊक. प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच : तो उठला, धावला आणि जिंकला. मी उठलो, घरापासून ख्रिस्तमंदिरापर्यंत कसाबसा चालत गेलो आणि पायरीवर बसून राहिलो. त्या दिवसांत चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याच्यावरील दोन पुस्तके वाचली. एक, जाँ एशनोझ यांची 2008 साली निघालेली फ्रेंच कादंबरी ‘कुरीर’, म्हणजे ‘धावणे’. दुसरे, रिचर्ड अ‍ॅस्क्विथ यांनी 2016 साली इंग्रजीत लिहिलेले चरित्र. दोन्ही वाचताना माझी कसोटी एकच होती : पडलेल्या शरीराविषयी हे लेखक खरे बोलतात का?

झाटोपेकच्या आयुष्यात दोन्ही प्रकारच्या गोष्टी सापडतात. 1950 साली अन्नविषबाधेने तो रुग्णालयात होता. तेथून सुटला आणि लगेच ब्रसेल्सच्या युरोपीय स्पर्धेत पाच हजार व दहा हजार मीटरच्या दोन्ही शर्यती जिंकून आला. ही गोष्ट सांगायला सोपी. 1956 ची मात्र अवघड. हेलसिंकीत 1952 साली पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके एकदमच मिळवणारा हा माणूस मेलबर्नला गेला, तो हर्नियाच्या शस्त्रक्रियेतून नुकता उठून. 1 डिसेंबरला उन्हात मॅरेथॉन झाली. तो सहावा आला. वेळ 2 तास 29 मिनिटे 34 सेकंद.

एशनोझ नायकाला एमिल म्हणतात, वर्तमानकाळात लिहितात आणि त्याच्यापासून एक मिस्कील अंतर राखतात. पिळवटलेला चेहरा, डुलणारे डोके, वेडेवाकडे हात, ही धावण्याची वर्णने जेमतेम दीडशे पानांच्या या पुस्तकाचे वैभव होत. एके ठिकाणी तर निवेदक स्वतःच इतक्या विजयांचा कंटाळा आल्याची कबुली देतो, आणि पराभवांना तेथूनच सुरुवात होते. ही जागा मला फार आवडली. विजयाच्या कथेला पाल्हाळाचा रोग असतो, हे ओळखणारा कादंबरीकार विरळा. पण हेच अंतर पुढे त्याला अडचणीचे होते. जिंकणाऱ्या देहाकडे दुरून पाहून हसता येते. दुखणाऱ्या देहाकडे पाहताना तोच सूर थोडा कोरडा वाटतो. एशनोझ एमिलच्या मनात शिरत नाहीत, आणि मेलबर्नला मला नेमके तेथेच शिरायचे होते.

अ‍ॅस्क्विथ स्वतः धावणारे आहेत. त्यांचे पुस्तक जाड आहे, कौतुकाच्या भरात कधी कधी वाहवतेही. तरी दंतकथा तपासून घेण्याची त्यांची सवय प्रामाणिक आहे. राजवटीपुढे झाटोपेकने केलेल्या तडजोडीही ते लपवीत नाहीत. पुस्तकाचे नाव त्यांनी मेलबर्नच्या प्रारंभरेषेवरून उचलले आहे. आज आपण थोडेसे मरणार आहोत, असे झाटोपेक तेथे सोबत्यांना म्हणाला होता. सुवर्णपदकांची रास समोर असताना चरित्रकाराने पुस्तकाला नाव द्यायला सहाव्या क्रमांकाची शर्यत निवडावी, यातच त्याची दृष्टी दिसते.

त्या शर्यतीत पहिला आला फ्रान्सचा आलँ मिमून. आपल्या वाचकांना त्याची गोष्ट अधिक जवळची वाटेल. जन्माने अल्जीरियातील मुसलमान, 1944 साली मोन्ते कासिनोच्या लढाईत पाय जबर जखमी झालेला. पुढे सायटिकाने त्याचे धावणे थांबले, तेव्हा तो लिझ्यूला संत तेरेजाच्या मंदिरी गेला आणि नंतर कॅथलिक झाला. भाविक कथनात लिझ्यूनंतर लगेच मेलबर्न येते. मधला सगळा सराव, पस्तिशीतील दुखरा देह, पूर्वी तीन ऑलिंपिक शर्यतींत झाटोपेकच्या मागे दुसरा येण्याचे दुःख, हे सारे गळून जाते. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, घाईला आहे. आपल्याकडे साक्ष द्यायला बऱ्या झालेल्यालाच उभे केले जाते. जो बरा झाला नाही, किंवा माझ्यासारखा अर्धामुर्धाच झाला, तो मागच्या बाकावर बसून ऐकतो.

वास्तविक मिमूनच्या गोष्टीतील सर्वांत सुंदर क्षण जिंकल्यानंतरचा आहे. अंतिम रेषा ओलांडल्यावर तो तेथेच थांबला आणि जुन्या प्रतिस्पर्ध्याची वाट पाहू लागला. साडेचार मिनिटांनी झाटोपेक आला, थकून गेलेला. मी जिंकलो, हे मिमूनने स्वतः त्याला सांगितले. झाटोपेकने टोपी काढली, सैनिकी सलाम केला आणि त्याला मिठी मारली. हा सलाम आपल्यासाठी पदकाहून मोठा होता, असे मिमून पुढे सांगत असे.

आणखी एक गंमत. तरुणपणी झ्लीन येथील बाटाच्या कारखान्यात असताना झाटोपेकला पहिल्यांदा शर्यतीत उतरवले, तेव्हा आपण अशक्त आहोत असे सांगून त्याने अंग काढून घेऊ पाहिले. डॉक्टरांनी तपासून त्याला ठणठणीत ठरवले आणि तो धावला. मेलबर्नच्या वेळी डॉक्टरांचा सल्ला विश्रांतीचा होता. तेव्हाही तो धावला. एशनोझच्या मिस्कील लेखणीला यापेक्षा चांगली जोडी कोठे मिळाली असती?

दोहोंपैकी एकच वाचायचे असेल, तर आजारी माणसाने अ‍ॅस्क्विथ वाचावा, धडधाकटाने एशनोझ. फ्रेंच न येणाऱ्यांसाठी लिंडा कव्हरडेल यांचे इंग्रजी भाषांतर आहे. मीही तेच वाचले, बहुतेक पाने त्या पायरीवर बसून.