थेरींचा शब्द आणि अनुवादकाचे उत्तरदायित्व

अलीकडे आम्ही तीन ग्रंथ आवडीने वाचले. तिन्ही वाचनीय आहेत. तथापि वाचनीयता आणि विश्वसनीयता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ते एकत्र वाचताना प्रकर्षाने जाणवले.

पहिला ग्रंथ म्हणजे चार्ल्स हॅलिसी यांनी केलेला थेरीगाथेचा इंग्रजी अनुवाद (२०१५). त्याची भाषा प्रवाही आहे आणि अनुवादासमोर मूळ पालि पाठ दिल्यामुळे जाणत्या वाचकास प्रत्येक शब्द पडताळता येतो. उदाहरणार्थ, पुण्णिका थेरीच्या गाथा पाहाव्यात. मालकिणींच्या शिक्षेच्या भयाने आपण थंडीतही पाण्यात उतरत असू, असे ती सांगते. स्नानाने पापमुक्ती मिळते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, तसे असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गास जातील काय? गाथेत ती केवळ पाणी वाहणारी आहे. ती दासीकन्या होती, हे अट्ठकथेवरून कळते. मूळ पाठ समोर असला म्हणजे असे भेद नजरेतून सुटत नाहीत.

दुसरा ग्रंथ मॅटी वाइनगास्ट यांचा 'द फर्स्ट फ्री विमेन'. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांनी तो थेरीगाथेचा अनुवाद म्हणूनच वाचला. अभ्यासकांनी आक्षेप घेतल्यानंतर २०२१ मध्ये तो थेरींपासून स्फुरलेल्या स्वतंत्र कविता म्हणून पुन्हा सादर करण्यात आला. त्यातील कविता मनाला भिडतात, हे आम्ही नाकारीत नाही. प्राचीन काव्यावरून नवे काव्य रचण्याचा अधिकारही कवीला आहेच. परंतु आजच्या कवीचे मनोगत थेरीच्या नावावर घालणे म्हणजे तिचा शब्द तिच्यापासून हिरावून घेणे होय. मुळात या गाथा दीर्घ मौखिक परंपरेतून आल्या आहेत, तेव्हा त्यांत थेरींचा स्वतःचा शब्द किती उरला, असा प्रश्न कोणी करील. तो रास्त आहे. पण म्हणूनच जे उरले आहे ते अधिक जपले पाहिजे.

हे जपणे कसे असते, याचे उदाहरण मराठीतच आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ आम्ही या निमित्ताने पुन्हा वाचला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून लेखिकांनी त्यांची निवेदने त्यांच्या नावांनिशी नोंदविली. १९२७ चा महाड सत्याग्रह आणि १९४२ ची नागपूरची महिला परिषद यांचा इतिहास अशा नोंदींवाचून अपुराच राहिला असता. पाण्याने शुद्धी होते हा समज पुण्णिकेने खोडला. स्पर्शाने पाणी बाटते हा समज महाडने नाकारला. या दोन्ही साक्षींचे मोल त्या कोणाच्या आहेत, हे ठाऊक असण्यात आहे.

विहारांत आता थेरीगाथेचे वाचन होऊ लागले आहे, ही समाधानाची बाब आहे. तेथे वाचनासाठी अनुवाद निवडताना त्यासोबत मूळ गाथा आहे की नाही, एवढे उपासक-उपासिकांनी अवश्य पाहावे, अशी आमची विनंती आहे.