तलवार कोणाच्या कमरेला? एका गाजलेल्या सिद्धांताची तपासणी

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या बंधुसंघांवर, म्हणजे फ्रीमेसन, ऑड फेलोज, नाइट्स ऑफ पिथियस अशा मंडळांवर वाचायला लागलात की एक पुस्तक हमखास समोर येतं: मार्क कार्न्स यांचं १९८९ सालचं 'सीक्रेट रिच्युअल अँड मॅनहूड इन व्हिक्टोरियन अमेरिका'. वाचाच. पण वाचताना शेजारी एक वस्तू ठेवा: या मंडळांची समारंभी तलवार. सिद्धांत कुठे टिकतो आणि कुठे अपुरा पडतो, हे ती छान दाखवते.

कार्न्स यांचं म्हणणं थोडक्यात असं. त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरात मुलगा आईच्या संस्कारात वाढायचा, वडील दिवसभर कामावर. मोठं झाल्यावर 'पुरुष' व्हायचं कसं, याचा रस्ता घरात नव्हता. तो लॉजमधल्या गुप्त दीक्षाविधीने दिला. तिथे वडीलधाऱ्या पुरुषांच्या हातून त्याचा जणू दुसरा जन्म होई. हे सगळं कार्न्स मुख्यतः विधींच्या संहितांमधून उभं करतात आणि ते पटतंही.

आता तलवारीकडे या. नाइट्स ऑफ पिथियसची स्थापना १८६४ मध्ये वॉशिंग्टनला झाली. गोष्ट ग्रीक, डेमन आणि पिथियस या मित्रांची. पोशाख मात्र मध्ययुगीन सरदाराचा. मेसन मंडळींच्या नाइट्स टेम्प्लरचंही तसंच: मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेलं डोकं, आडवा क्रूस, पात्यावर कोरलेली नक्षी आणि बरेचदा मालकाचं नाव. हे पातं बनायचं कुठे? मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपीच्या एम्स कारखान्यात, जो यादवी युद्धात सैन्याला तलवारी पुरवत होता. किंवा ओहायोतल्या कोलंबसच्या लिली कंपनीत, जी कॅटलॉगवरून लॉजचं सामान विकायची. तलवार लढण्यासाठी नव्हतीच, ती मिरवायची होती.

इथेच पहिली अडचण येते. विधी बंद दाराआड होतो, पण तलवार भर रस्त्यात, संचलनात दिसते. बघणारे शेजारी असतात, बायका-मुलं असतात. 'घरापासून सुटका' हा अर्थ संहितेत सापडतो, रस्त्यावरच्या तलवारीत तो तितका सहज सापडत नाही. साधन बदललं की उत्तरही बदलतं, हे लक्षात ठेवा. शिवाय टेम्प्लर तलवारीत साध्या सभासदाची मूठ साधारणपणे काळी आणि अधिकाऱ्याची पांढरी. सगळे बंधू सारखे म्हणायचं आणि मुठीवरून पायरी ओळखायची! ही गोम समजायला मेरी अॅन क्लॉसन यांचं त्याच वर्षीचं 'कन्स्ट्रक्टिंग ब्रदरहूड' जास्त कामी येतं. बंधुत्वाची भाषा वर्गभेद कसा झाकते आणि त्यामागे व्यापार कसा उभा राहतो, हे त्या दाखवतात.

दुसरी अडचण मोठी आहे. हीच तलवार कृष्णवर्णीय पुरुषाच्या कमरेला लावून बघा. १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदाच केला होता की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी परवान्याशिवाय बंदूक, कट्यार, बोवी सुरा बाळगायचा नाही. गोऱ्यांच्या पिथियस मंडळाने त्यांना दार बंद केलं, तेव्हा त्यांनी स्वतःचं मंडळ काढलं. ते नाव वापरू नये म्हणून जॉर्जियात गोरे कोर्टात गेले. १९१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कृष्णवर्णीयांच्या बाजूने दिला; इतकी वर्षं हरकत का घेतली नाहीत, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. मला सांगा, ज्याच्या बापाला शस्त्र हातात धरायची मुभा नव्हती, त्याने गणवेशात तलवार लावून गावातून चालणं हे 'आईच्या पदरापासून सुटणं' आहे का? मला तर ते नागरिकत्वाचा दावा वाटतं. थिडा स्कॉचपोल आणि सहकाऱ्यांचं 'व्हॉट अ माइटी पॉवर वी कॅन बी' (२००६) याच अंगाने या मंडळांकडे बघतं.

म्हणून कार्न्स चूक ठरतात का? नाही. आपला रोख मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गावर आहे, हे त्यांच्या पुस्तकात स्पष्ट दिसतं. चूक होते ती आपली, जेव्हा त्यांचा निष्कर्ष आपण सगळ्या बंधुसंघांना सरसकट लावतो.

प्रपोजल लिहिताना हे वापरा. 'तलवार कशाचं प्रतीक आहे?' हा प्रश्न मोघम आहे, त्याला दहा उत्तरं मिळतील आणि एकही तपासता येणार नाही. त्याऐवजी विचारा: कोणाची, कोणी बनवलेली, कुठे लावलेली आणि बघणारं कोण होतं? चारपैकी किमान तीन उत्तरं पुराव्यानिशी देता आली, तरच 'प्रतीक' हा शब्द लिहा. तोवर तो म्यानातच राहू द्या.