दोन हात, दोन तलवारी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेंत १९७४ सालीं निघालेला खेळ. खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेतो. यशापयश फांशांवर ठरतें. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत योद्ध्यानें दोन्ही हातांनीं एकच मोठी तलवार पेलावी, कीं दोन हातांत दोन आंखूड तलवारी घ्याव्या, हा प्रश्न आम्हांस नियमांपेक्षां कथेचा वाटतो.

आरंभीं पारडीं समतोल दिसतात. मोठ्या तलवारीच्या घावास सहा बाजूंचे दोन फांसे, आंखूड तलवारीस एकेक. डाव्या हाताच्या घावांत सामान्यतः अंगबळाची भर धरीत नाहींत. पण एक घाव चुकला तरी दुसरा उरतो, हा लाभ कांहीं थोडा नव्हे.

पांचव्या पायरीवर मात्र ग्रंथकारांचा पक्षपात उघडा पडतो. योद्ध्यास तेथें आणखी एक घाव मिळतो, तो उजव्या हाताचा. मोठ्या तलवारीचे फांसे चार होतात, जोडतलवारींचे तीन. अकराव्या पायरीवर सहा आणि चार. उजवा हात विद्या वाढवीत जावा आणि डाव्यानें जन्मभर पहिलाच धडा गिरवावा, हा कोठला न्याय? चपळ, दुहेरी वाराचा वीर ज्याच्या मनांत भरला, त्यानें आपल्या आवडीचा दंड भरावयाचा!

डाव्या घावासाठीं खर्चावी लागणारी जादा कृति २०२४ च्या सुधारित नियमांनीं खंजीर, विळा अशा कांहीं हलक्या शस्त्रांपुरती वांचविली. नुसत्या आंखूड तलवारींच्या जोडीस ती सवलत नाहीं.