कोळिणीची प्रतिमा आणि तिची मजुरी

मराठी गीत, चित्रपट आणि लोकनाट्य यांनी कोळिणीची एक ठरीव प्रतिमा रूढ केली आहे. डोईवर पाटी, अंगावर सोने, जिभेला धार आणि व्यवहारात नवऱ्याहून वरचढ अशी ती असते. ही प्रतिमा निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. वेसावे, म्हणजेच वर्सोवा, येथील कोळीवाड्यात पुरुषाने मासळी धरावी व स्त्रीने ती विकावी, ही श्रमविभागणी जुनीच आहे. तथापि ही प्रतिमा जे दाखविते, त्याहून ती जे झाकते ते अधिक विचारणीय होय.

पाटीवाल्या कोळिणीच्या आड मजुरीवर मासळी निवडणारी, कोळंबी सोलणारी, बोंबील सुकत घालणारी स्त्री असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टांगावयाची, आणि तीही भराभर, यास कौशल्य लागते. परंतु ते ‘बायकांच्या हाताला उपजतच असते’ अशी समजूत असल्यामुळे त्याची किंमत धरली जात नाही. जे उपजत मानले ते शिकलेले ठरत नाही, आणि जे शिकलेले नाही त्याला मोल नाही, असा हा तर्क आहे. गीतातील कौतुक आणि मजुरीतील अवमूल्यन या एकाच समजुतीच्या दोन बाजू आहेत.

कायद्याची भाषाही येथे अपुरी पडते. १९७६ च्या समान वेतन कायद्याने ‘तेच अथवा तत्सम स्वरूपाचे काम’ ही कसोटी घातली. २०१९ च्या वेतन संहितेने तीच स्वीकारली. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील लघुलेखिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली या कसोटीवर तिच्या बाजूने निकाल दिला. तेथे तुलनेस पुरुष लघुलेखक होते. जेथे काम करणाऱ्या साऱ्या स्त्रियाच, तेथे तुलना कोणाशी करावयाची?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या व भारताने १९५८ साली मान्य केलेल्या करारात ‘समान मूल्याचे काम’ असा शब्दप्रयोग आहे. तो अधिक व्यापक आहे. त्यानुसार जाळे सांधणारा पुरुष आणि बोंबील टांगणारी स्त्री यांची भिन्न कामेही एका तराजूत तोलता येतील. मात्र त्यापूर्वी ‘उपजत’ हा शब्द पारड्यातून काढावा लागेल.