भुताचें येणें

भयकथा, अद्भुतकथा आणि विज्ञानकथा ह्यांना आपल्या टीकाकारांनीं आजवर पंक्तीच्या टोकालाच बसविलें आहे. घटकाभर मन रमविण्यापलीकडे ह्या वाङ्मयाची कांहीं योग्यता असेल, असें पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतहि मानलें जात नाहीं. हा निवाडा आम्हांस उतावीळपणाचा वाटतो.

प्रथम आपल्या लोककथांतील भुतांचाच विचार करूं. मुंज झाल्यावर पण लग्नाआधीं मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणांत दगावलेली स्त्री हडळ होते. ह्या समजुती खऱ्या नसल्या, तरी त्यांतील मर्म खरें आहे. आयुष्यानें ज्याला त्याचें देणें दिलें नाहीं, तो मेल्यावर तें मागावयास येतो. भूत हा एक प्रकारचा धनकोच होय. आणि त्याच्या मागणींत न्याय आहे ह्या जाणिवेनें ऐकणाराचा थरकांप होतो.

ह्या कसोटीवर अर्वाचीन भयकथा घांसून पाहावी. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांचें वातावरणनिर्मितीचें सामर्थ्य वादातीत आहे. परंतु त्यांच्या 'समर्थ'कथांत अमंगळ शक्तीचा पाडाव झाला कीं वाचक निःश्वास टाकून स्वस्थ निजतो. तिचें आपणांकडे कांहीं येणें होतें काय, हा प्रश्न सहसा उरत नाहीं. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या गूढकथा वाचकाला इतक्या सहज सोडीत नाहींत. तेथें भय आपल्याच घरांत, आपल्याच माणसांच्या मनांत दडलेलें असतें. म्हणून त्या आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात.

विज्ञानकथेचें कुळ निराळें मानतात, पण तिचाहि प्रश्न हाच आहे. मेरी शेलीबाईंच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) मधील प्राणी आपल्या निर्मात्यापाशीं त्याचें कर्तव्यच मागत असतो. आपल्याकडे जयंत नारळीकरांनीं १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस टोपणनांवानें कथा पाठवून बक्षीस मिळविलें. कीर्तीच्या आधाराविना त्यांची कथा उभी राहिली. पुढें 'वामन परत न आला' ह्या कादंबरींत बुद्धिमान यंत्रमानव घडविणारे काय ओढवून घेतात, हाच विषय त्यांनीं हाताळला. त्यांची भाषा कोठें कोठें वर्गांतील व्याख्यानासारखी होते. प्रश्न मात्र अस्सल आहे.

भुताची मागणी आणि यंत्राचा चमत्कार हीं दोन्हीं जेथें एकत्र येतात, असें एक स्थळ पुण्याच्या पश्चिमेस आहे. मुंबईला वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळशी येथें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीला, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट तुरुंगांत गेले, धरण झालें, गांवें, शेतें, देवळें पाण्याखालीं गेलीं. पुढें मुंबईंतील एखादा गृहस्थ विजेच्या दिव्याखालीं निर्धास्तपणें भुताची गोष्ट वाचीत बसला असेल, तेव्हां तो उजेड कोणाच्या अंगणावरून आला हें त्याच्या मनांतहि आलें नसेल.

त्या जलाशयाच्या कांठीं आम्ही उभे राहिलों, तेव्हां पाणी अगदीं शांत होतें. भीति वाटावी असें तेथें कांहींच दिसलें नाहीं. तरीहि मराठी लेखकानें तेथें जावें आणि त्या पाण्याचें आपणांकडे काय येणें आहे, तें ऐकावें. तशी कथा लिहिली गेली, तर तिला पंक्तीच्या टोकाला बसविण्याचें धैर्य कोणाहि टीकाकारास होणार नाहीं.