साठ टक्के: मोजलेले की काढलेले?

गोबी म्हटलं की आमच्या कळमन्यात लोकांना भाजीच आठवते. मी म्हणतेय तो गोबी मासा आहे. प्रवाळाच्या खडकांवर तळाला चिकटून राहणारा, बोटाच्या पेराएवढा. त्यातली एविओटा सिजिलाटा ही जात जास्तीत जास्त ५९ दिवस जगते, असं डेपचिन्स्की आणि बेलवूड यांनी २००५ मध्ये दाखवलं.

२०१९ मध्ये सायमन ब्रँडल आणि सहकाऱ्यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. रीफवर माशांचं जेवढं वजन खाल्लं जातं, त्यातलं जवळपास ६० टक्के अशा तळाशी लपणाऱ्या चिमुकल्या माशांचं असतं, हा त्यांचा दावा.

पेपरची खरी ताकद प्रश्नात आहे. दुपारी कळमना मार्केटमध्ये जाऊन उरलेले संत्र्यांचे ढीग मोजले, तर धंदा किती झाला हे कळेल का? नाही. माल सकाळीच आला, लिलाव झाला, गाड्या गेल्या. ढीग म्हणजे शिल्लक, धंदा म्हणजे उलाढाल. गोबीचंही तसंच. कोणत्याही क्षणी रीफवर त्यांचं वजन नगण्य, पण ते झपाट्याने वाढतात, खाल्ले जातात आणि अळ्यांमधून नवे येत राहतात. रीफजवळच्या पाण्यातल्या माशांच्या अळ्यांपैकी दोन-तृतीयांश या गटाच्या, असं लेखक दाखवतात. इथपर्यंत मला पेपर पटतो.

पुढे जरा थांबा. ६० टक्के हा आकडा कुणी पाण्यात उतरून मोजलेला नाही. अळ्यांची संख्या, वाढीचा वेग, मृत्युदर हे सगळं मॉडेलमध्ये घालून तो काढलाय. त्याच वर्षी ऑलगायर आणि क्लाइन यांनी 'सायन्स'मध्येच आक्षेप घेतला की हा आकडा मॉडेलच्या रचनेतून आलाय, खरा वाटा फार कमी आहे. ब्रँडल गटाने उत्तर दिलं की तुमच्या मॉडेलमध्ये संख्यावाढीला जैविक मर्यादाच नाही. ती घातली तर वाटा २० ते ७० टक्के येतो. म्हणजे मुद्दा टिकला, पण नेमका आकडा सैल झाला. माझ्या मते ही रुंद पट्टी मूळ पेपरच्या सारांशातच यायला हवी होती.

हे मला उशिरा कळलं. माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये मी ठणकावून लिहिलं होतं, "६० टक्के अन्न गोबी पुरवतात." समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "मोजलंय की काढलंय?" मी गप्प. आक्षेप वाचलाच नव्हता.

तुमच्यापैकी कुणी मालवणच्या प्रवाळांवर काम करणार असेल, तर ही चूक करू नका. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, पण परदेशी रीफवरून काढलेला आकडा मालवणच्या गढूळ पाण्याला आपोआप लागू होत नाही. पोहत पोहत डोळ्यांनी मोजलं तर गोबी सुटतातच. छोटा तुकडा जाळीने झाकून, लवंगतेलाने मासे गुंगवून मोजावे लागतात, आणि अभयारण्यात त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

पेपर जरूर वाचा, पण मूळ पेपर, आक्षेप आणि उत्तर असे तिन्ही एका बैठकीत. मग तुमच्या प्रस्तावनेतला प्रत्येक आकडा घ्या आणि शेजारी पेन्सिलने लिहा: मोजलेला, की काढलेला? समितीने विचारण्याआधी स्वतःच विचारलेलं बरं.